दडपलेले गाणे आणि दुसरे शील

गेल्या वैशाखी पौर्णिमेस विहारात वंदना आटोपली, खीरदान झाले आणि मंडळी आपापल्या घरी जावयास निघाली. त्या वेळी एक तरुण मजजवळ येऊन बसला. त्याच्या घराने तीन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली. आईवडील अद्याप पुस्तकात पाहून त्रिसरण-पंचशील म्हणतात. मुलगा मात्र ते पाठ म्हणतो आणि म्हणता म्हणता अर्थ विचारतो. तो म्हणाला, "काका, न दिलेले घेणार नाही असे आपण दर पौर्णिमेस म्हणतो. अमेरिकेत एका काळ्या गायकाची गाणी कंपनीने दडपून ठेवली. सहा-सात वर्षे ती कोठेही विकत मिळत नव्हती. लोकांनी चोरून प्रती केल्या आणि ऐकल्या. त्यांनी शील मोडले काय?"

शेजारी बसलेल्या एका वयस्क गृहस्थांना हा प्रश्न रुचला नाही. विहारात असल्या परकीय थेरांची चर्चा कशाला, असे ते म्हणाले. त्यांचा मान राखून मी त्या वेळी गप्प राहिलो. परंतु प्रश्न थेर नव्हता. नवदीक्षित घरात शील हा जर पाठांतराचा विषय राहावयाचा नसेल, तर असे प्रश्न विहारातच विचारले गेले पाहिजेत. म्हणून सवडीने चौकशी करून मी हे लिहीत आहे.

तो गायक म्हणजे डॅनिएल डुमिले. १९७१ साली लंडनला जन्मलेला, आई त्रिनिदादची, वडील झिंबाब्वेचे. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड भागात तो वाढला. धाकट्या भावासह त्याने १९८८ च्या सुमारास 'के. एम. डी.' नावाचा संच काढला. भावाचे टोपणनाव सबरॉक, याचे झेव्ह लव्ह एक्स. ते जे गात त्यास रॅप म्हणतात. आपल्या वाचकांस समजावे म्हणून सांगतो, हे गाणे सुरावर कमी आणि तालावर अधिक चालते. यमकांची साखळी गुंफीत, श्वास न तोडता, आपल्या वस्तीचे जगणे बोलून दाखवावयाचे. ज्यांनी आंबेडकरी जलशात शाहिराचा सवाल-जवाब ऐकला आहे त्यांना हा प्रकार फारसा परका वाटणार नाही.

इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीने त्यांना करारबद्ध केले आणि १९९१ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका 'मिस्टर हूड' निघाली. त्या संचाचे एक बोधचिन्ह होते. ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढची हकीकत कळावयाची नाही. ते 'सँबो'चे चित्र होते आणि त्यावर आडवी काट मारलेली होती.

सँबो म्हणजे काळ्या माणसाची गोऱ्यांनी केलेली नक्कल. डांबरासारखा काळा चेहरा, बटबटीत डोळे, जाड लाल ओठ आणि मालकापुढे सदैव दात काढून हसणारे तोंड. हा शब्द जुनाच होता. पण त्याला घराघरात नेले ते १८९९ साली लंडनमध्ये छापलेल्या एका बालपुस्तकाने. आपल्याला विशेष वाटावे ते हे की, ते पुस्तक लिहिणाऱ्या हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाई त्या काळी आपल्या देशात, मद्रासेस राहात असत. त्यांचे यजमान येथील इंग्रजांच्या वैद्यकीय नोकरीत होते. गोष्टीतल्या वाघांचे पळून पळून तूप होते. ते तूप आपल्याच देशातले. हिंदुस्थानात बसून एका गोऱ्या बाईने रचलेले मूल समुद्रापलीकडे गेले आणि अमेरिकेतल्या काळ्या मुलांना शाळेत चिडविण्याचे नाव होऊन बसले. बाईंच्या मनात द्वेष होता असे मी म्हणत नाही. पण आपल्याविषयी दुसऱ्याने काढलेले चित्र किती दूरवर जाते आणि किती पिढ्या पुरते, याचे हे उदाहरण होय.

आपल्याकडे सँबो नव्हता असे कोण म्हणेल? कचऱ्या, धोंड्या, उकिरडा ही नावे आपल्या आज्यांनी हौसेने ठेवली नव्हती. 'जोहार मायबाप' म्हणून वाकणारा माणूस तमाशाच्या फडात आणि पुढे चित्रपटातही हसण्याचा विषय झाला, तो काही आपण निर्माण केला नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जे घडले त्याचा एक अर्थ असा की, दुसऱ्याने काढलेले ते चित्र आपण उतरवून ठेवले. जोहार गेला, जयभीम आला. मुलांची नावे सिद्धार्थ, राहुल, सुजाता, गौतमी अशी झाली. नवदीक्षित कुटुंबांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण नाव बदलताना आजही तलाठ्यापासून शाळेपर्यंत सर्वत्र त्यांना 'कशाला?' हा प्रश्न ऐकावा लागतो.

त्या दोघा भावांनी तेच केले. पण त्यांची रीत अधिक उग्र होती. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेचे काम १९९३ साली चालले असता धाकटा भाऊ रस्ता ओलांडताना मोटारीखाली सापडून मरण पावला. तो विशीच्या उंबरठ्यावर होता. थोरल्याने एकट्याने काम पुरे केले. नाव ठेवले 'ब्लॅक बास्टर्ड्स'. शिवी आहे, हे मी लपवीत नाही. गुलामीच्या काळात मालकांनी ज्यांना बाप ठेवला नाही, त्यांनी ती शिवी उचलून स्वतःच्या छातीवर लावली, असा तिचा अर्थ मला लागतो. मुखपृष्ठाचे चित्र त्याने स्वतः काढले. मुले शब्द ओळखण्याचा एक खेळ खेळतात. अक्षर चुकले की फासाच्या चित्रात एक रेघ वाढते. त्या खेळातल्यासारखे ध्वनिमुद्रिकेचे नाव लिहिले होते, मधली अक्षरे गाळून. आणि फासावर लटकत होता सँबो.

यात काय म्हटले आहे हे एखाद्या अडाणी माणसासही कळावे. फाशी काळ्या माणसाला दिलेली नाही. फाशी दिली आहे ती त्याच्या सोंगाला. पण १९९४ च्या एप्रिल महिन्यात संगीतव्यवसायाच्या एका नामांकित साप्ताहिकातील स्तंभात या चित्रावर कडक टीका आली. ज्या देशात शेकडो काळ्या माणसांना झाडास टांगून खरोखर ठार मारण्यात आले, त्या देशात असे चित्र छापावे काय, असा तिचा रोख होता. तो आक्षेप क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. ज्याच्या आज्याला फास लागला त्याला फासाचे चित्र पाहून चर्र होणारच. त्यावर वाद व्हावयास हवा होता. चित्रकाराला विचारावयास हवे होते. पण वादाची वेळच आली नाही. इलेक्ट्राच्या वरिष्ठांनी ध्वनिमुद्रिका प्रसिद्धीच्या ऐन तोंडावर रद्द केली आणि त्याला करारातून मोकळे केले.

कंपनीचे भय कोठून आले तेही पाहिले पाहिजे. दोनच वर्षांपूर्वी, १९९२ साली, त्याच वॉर्नर समूहातील आइस-टी या गायकाच्या संचाने पोलिसांवर एक जहाल गाणे काढले होते. पोलिसांच्या संघटनांनी बहिष्कार पुकारला, भागधारकांच्या सभेत आरडाओरडा झाला आणि अखेर ते गाणे मुद्रिकेतून काढावे लागले. तेव्हापासून त्या समूहाच्या कचेऱ्यांत सावलीचीही भीती बसली होती. सँबोला फाशी दिल्याचा अर्थ त्या कचेरीतील लोकांना समजला नाही असे मला वाटत नाही. अर्थ समजूनही नफ्यातोट्याच्या वहीत तो मांडता येत नव्हता, एवढेच. मात्र एक गोष्ट कंपनीच्या बाजूने नमूद केली पाहिजे. तिने मूळ ध्वनिमुद्रण गायकाला परत दिले. पुष्कळ मालक तेवढेही देत नाहीत.

पुढली तीन-चार वर्षे हा गृहस्थ जगापुढून नाहीसा झाला. भाऊ गेला, काम गेले. मॅनहॅटनच्या रस्त्यांवर बाकावर निजून रात्री काढल्याचे त्याने पुढे स्वतः सांगितले आहे. आणि नेमक्या याच काळात ती न निघालेली ध्वनिमुद्रिका गावोगाव ऐकली जात होती. प्रसिद्धीपूर्वी ज्या थोड्या ध्वनिफिती बाहेर गेल्या होत्या, त्यांवरून प्रती, प्रतींवरून प्रती, असे चालले होते. प्रत्येक नकलेबरोबर आवाज थोडा पुसट होई. पुढे कोणी तरी त्याच्या तबकड्याही छापल्या आणि विकल्या. त्यातला एक पैसाही बाकावर निजणाऱ्याला मिळाला नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू.

दुसरे शील अदिन्नादानापासून विरत होण्याचे आहे. 'चोरी' हा सोपा शब्द तेथे घातलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. 'जे दिले नाही ते घेणे' असे म्हटले आहे. म्हणजे प्रश्न मालकीच्या कागदापेक्षा देण्याच्या क्रियेचा आहे. अट्ठकथाकारांनी या कर्माची पाच अंगे सांगितली आहेत: वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातील असणे, तशी जाणीव असणे, चोरण्याचे चित्त असणे, त्यासाठी प्रयत्न करणे आणि त्या प्रयत्नाने वस्तू उचलली जाणे. पाचांतील मधले अंग, ज्याला पालीत थेय्यचित्त म्हणतात, ते माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. धम्म हा कायद्याच्या कलमांचा गठ्ठा नाही. चित्त कोणत्या दिशेने वळले होते, हे तो पाहतो.

या कसोटीवर त्या सात वर्षांतील तीन माणसे निरनिराळी करून पाहिली पाहिजेत.

ज्याने मित्राची ध्वनिफीत रात्री घरी नेली, दुसऱ्या फितीवर उतरविली आणि तिसऱ्याला फुकट दिली, त्याने काय घेतले? गाणाऱ्याने ते गाणे लोकांना देण्यासाठीच रचले होते. भावाच्या प्रेतानंतर ते पुरे केले तेही लोकांना देण्यासाठीच. देणाऱ्याचा हात पुढे होता. मध्ये फडताळाचे दार लावले गेले होते. दाराच्या फटीतून जर कोणी ती वस्तू घेतली असेल तर मी त्याला अदिन्नादानाचा दोषी ठरविणार नाही. कायदा ठरवील, ते कायद्याचे काम आहे.

ज्याने तबकड्या छापून विकल्या तो मात्र दोषी. त्याच्या धंद्यामुळे गाणे टिकले, हे खरे. पण त्याचे चित्त गाण्यावर नव्हते, गल्ल्यावर होते. मळ्याला पाणी पाजण्यासाठी कोणी आड फोडीत नाही. आड फुटला आणि मळा भिजला तरी फोडणारा माळी होत नाही.

आणि तिसरा, ज्याने दार लावले तो. करारानुसार त्याने काहीच चोरले नाही. पण मृत भावाचा आवाज ज्यावर आहे ती वस्तू सात वर्षे लोकांपर्यंत जाऊ न देणे याला काय नाव द्यावे? पंचशिलात त्यासाठी वेगळे वाक्य नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी शिलाबरोबर समतेचा आणि न्यायाचा आग्रह धरला असावा, असे मला वाटते. एकेकट्या माणसाचे शील कितीही शुद्ध असले तरी फडताळाची किल्ली कोणाच्या हाती आहे हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न आपल्या घरचा आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलाविले. भाषण लिहून तयार झाले. मंडळातील सुधारकांना त्यातील काही भाग पचेना. वेदांवर आणि शास्त्रांवर घाव घालणारा मजकूर गाळावा, असा त्यांचा आग्रह होता. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळविले. परिषद रद्द झाली. भाषण फडताळात गेले असते. पण त्यांनी ते स्वतःच्या खर्चाने छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या, असे त्यांनीच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या नावाने आज जो ग्रंथ आपण वाचतो तो कोणत्याही सभागृहात झालेल्या भाषणाचा नव्हे. तो न झालेल्या भाषणाचा आहे.

येथे एक बारकावा सुटू नये. भाषण दडपणारे लोक सनातनी नव्हते. जात मोडावयास निघालेले, बाबासाहेबांना आदराने बोलाविणारे हितचिंतक होते. इलेक्ट्रानेही त्या भावांना हौसेने करारबद्ध केले होते. शत्रूच्या दारात आपण सावध असतो. मित्राच्या दारात किल्ली त्याच्याच कमरेला असते, याचा विसर पडतो.

फरक पाहा. डुमिलेजवळ १९९४ साली छापखाना नव्हता, म्हणजे त्याच्या व्यवसायातील छापखाना. ध्वनिमुद्रण हाती परत आले तरी तबकडी काढावयास पैसा नाही, दुकान नाही. बाबासाहेबांनी मात्र १९२० च्या ३१ जानेवारीला 'मूकनायक' काढला तेव्हापासून पत्र आणि पुढे छापखाना स्वतःचा असावा याचा ध्यास घेतला होता. 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' ही नुसती नावे पाठ करून भागत नाही. एकेका नावामागे कागदाची उधारी, खिळे जुळविणारे हात आणि घरोघरच्या वर्गणीची आणेवारी आहे.

तरीही आपली फडताळे पुरती उघडली असे नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला, त्यात त्यांनी लिहिलेली प्रस्तावना नव्हती. ज्या पुस्तकापुढे आपण दररोज हात जोडतो त्याची लेखकाने लिहिलेली प्रस्तावना वाचकांस मिळावयाला १९८० साल उजाडले. भगवान दास यांनी ती छापली. मधल्या तेवीस वर्षांत ज्यांच्याजवळ तिची टंकलिखित प्रत होती त्यांनी ती आणखी चौघांना दिली असती तर त्यांना कोणी चोर म्हटले असते काय?

'रिडल्स'ची हकीकत तर अनेकांच्या आठवणीत आहे. सरकारने १९८७ साली खंड छापला. राम आणि कृष्ण यांवरील परिशिष्टामुळे काहूर उठले, अमरावतीस प्रती जाळल्या गेल्या आणि सरकारचे पाय लटपटले. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत आपले लाखो लोक रस्त्यावर उतरले म्हणून तो मजकूर टिकला. सरकार या मताशी सहमत नाही अशी एक टीप तेवढी चिकटली. पुढे २०२१ साली या ग्रंथमालेच्या छपाईसाठी घेतलेला कोट्यवधी रुपयांचा कागद पडून असल्याची बातमी वृत्तपत्रात आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. बंदी घालावी लागत नाही. कागद गोदामात राहिला तरी तेच काम होते.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर त्या तरुणाला मी अर्धेच उत्तर दिले असे होईल.

डुमिले १९९७-९८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका छोट्या कविसंमेलनवजा जागी तोंडावर मोजा ओढून पुन्हा उभा राहिला. पुढे धातूचा मुखवटा घालू लागला आणि एम. एफ. डूम या नावाने गाऊ लागला. १९९९ साली एका लहानशा स्वतंत्र प्रकाशकाने त्याची नवी ध्वनिमुद्रिका काढली. ती दडपलेली मुद्रिकाही २००० च्या सुमारास रीतसर बाहेर आली. लोक त्याला विसरले नव्हते. पुसट आवाजाच्या त्या प्रतींना याचे थोडे श्रेय द्यावे लागेल. सोंगाला फाशी देणाऱ्याने स्वतःचा चेहराच झाकून टाकला, हे मला फार वेळ विचार करावयास लावणारे वाटले. माझे रूप पाहू नका, शब्द ऐका, असे त्याचे म्हणणे होते.

आणि मग त्याच माणसाच्या बाबतीत दुसरी गळती झाली. मॅडलिब या संगीतकाराबरोबर तो एका मुद्रिकेचे काम करीत होता. २००२ साली मॅडलिब ब्राझीलला गेला असताना तिचे अपुरे, कच्चे ध्वनिमुद्रण चोरीस गेले आणि इंटरनेटवर पसरले. काम पुरे व्हावयाचे होते. कडवी बदलावयाची होती. दोघांचे मन त्यातून उडाले आणि ते इतर कामांकडे वळले. पुढे पुन्हा बसून, आवाजाची धाटणीही बदलून त्यांनी ते पुरे केले. २००४ च्या मार्चमध्ये 'मॅडव्हिलनी' या नावाने ते निघाले आणि आज ते रॅपमधील थोर कृतींत गणले जाते. पण या वेळी देणाऱ्याचा हात पुढे नव्हता. तो अजून लिहीत होता. जे अद्याप दिलेलेच नाही ते घेतले गेले. येथे मात्र दुसरे शील स्पष्टपणे मोडले, मग ऐकणारा कितीही मोठा रसिक असो.

एकच गायक, दोन चोरप्रती, आणि माझा निवाडा दोन प्रकारचा. वयस्क गृहस्थांना हा बुद्धिभेद वाटेल. मला तो वाटत नाही. पहिल्या वेळी मालकाने रोखले होते, दुसऱ्या वेळी निर्मात्याने राखून ठेवले होते. रोखणे आणि राखणे यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने शिलाचे नाव घेऊन दुसऱ्याची झडती घेऊ नये.

आणि आपण आपल्या गाण्यांचे काय करतो? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जी पुस्तकांची आणि गाण्यांची दुकाने लागतात, त्यांच्यासारखा बाजार दुसऱ्या कोणत्या समाजाच्या यात्रेत मी पाहिला नाही. इतर यात्रांतून माणसे प्रसाद घेऊन परततात, आपली माणसे ग्रंथ घेऊन परततात. या गोष्टीचा मला अभिमान आहे. पण त्याच दुकानांत कवीचे नाव गाळलेली गीतांची पुस्तिका दहा रुपयांना मिळते. एकेकाळी कॅसेटी मिळत, त्यांवर गायकाचे छायाचित्र ठळक आणि गीतकार कोण याचा पत्ता नाही. वामनदादा कर्डकांसारख्या महाकवीची गाणी गावोगाव गाइली गेली, आणि ती रचणारा माणूस २००४ साली जाईपर्यंत साध्या घरात साधेपणाने जगला. त्यांचे गाणे कोणी फडताळात ठेवले नव्हते. ते मिळत होते. कवी हयात होता, पत्ता ठाऊक होता. तेथे नाव गाळून प्रत काढणे हे फडताळ फोडणे नव्हे. ते घरच्या माणसाच्या ताटातले घेणे होय, आणि ते आपण जयभीम म्हणत घेतले.

कायद्याची दोन-तीन कलमे नवदीक्षित घरांतील लिहित्या-गात्या मुलांनी जाणून घ्यावीत. आपल्या देशाचा ग्रंथस्वामित्वाचा कायदा १९५७ चा आहे. त्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन गीतकार आणि संगीतकार यांना ध्वनिमुद्रणाच्या मानधनातील आपला हिस्सा कंपनीला लिहून देऊन टाकता येणार नाही, अशी तरतूद झाली. करारावर सही करताना हे ध्यानात ठेवा. याच कायद्याच्या एकतिसाव्या कलमाप्रमाणे पूर्वी प्रसिद्ध झालेली कृती मालकाने लोकांपासून अडवून धरली तर तिच्या प्रकाशनाची परवानगी वाणिज्यिक न्यायालयाकडे मागता येते. मात्र कधी प्रसिद्धच न झालेल्या कृतीला हे कलम लागू पडत नाही. डुमिले येथे असता तर त्यालाही त्याचा उपयोग झाला नसता. आणि बाबासाहेबांचे जे ग्रंथ त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले ते १ जानेवारी २०१७ पासून कोणासही छापण्यास मोकळे आहेत. म्हणून आता बाजारात येणारी प्रत कोणी छापली, त्यात काय गाळले, कोठे शब्द बदलला, हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. जुन्या चोरप्रतीत आवाज पुसट होई. नव्या स्वस्त प्रतीत विचार पुसट होऊ शकतो, आणि ते कानाला लवकर कळत नाही.

१९४६ च्या जुलै महिन्यात बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांचे पुढारी डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रो जनतेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या, आणि ड्यू बॉइसांनी त्याच महिन्याअखेर उत्तर दिले होते. 'परकीय थेर' म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना मी पुढल्या पौर्णिमेस ही गोष्ट सांगणार आहे. दोन्हीकडच्या दडपलेल्या लोकांनी एकमेकांचे कागद मागवून वाचण्याची रीत नवी नाही.

डुमिलेने आयुष्याचा मोठा भाग अमेरिकेत काढला, पण तेथील नागरिकत्व त्याला कधी मिळाले नव्हते. २०१० साली परदेशचा दौरा करून परतताना त्याला देशात येऊ दिले नाही. तो इंग्लंडात राहिला आणि तेथेच ३१ ऑक्टोबर २०२० रोजी वारला. बातमी दोन महिन्यांनी जगाला कळली. त्याआधी २०१५ साली ती दडपलेली मुद्रिका नव्याने काढण्यात आली होती. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात असते तशी तिच्या वेष्टनाची घडी होती. उघडले की कागदाचा फास उभा राहतो आणि त्याला सँबो टांगलेला दिसतो.

त्या तरुणाने तिची चित्रे मला आपल्या फोनवर दाखविली. मी त्याला विचारले, ही मुद्रिका आता विकत मिळते ना? तो हो म्हणाला. मग, म्हटले, तुझ्याजवळची फुकटची प्रत पुसून टाक आणि पैसे साठवून विकत घे. तो हसला आणि म्हणाला, "काका, आणि गेल्या वर्षी तुम्ही सगळ्या विहाराला पाठविलेली ती भीमगीते?" मी खाली पाहिले. ती गीते कोणाची, हे मी अद्याप शोधीत आहे.